यूएस ओपनच्या तिकिटांत आम्हाला कसं लुबाडलं

ऑगस्टच्या अखेरीस अमेरिकेत असाल आणि एखादी मॅच प्रत्यक्ष बघायचा बेत असेल, तर तिकीट काढण्याआधी हे वाचा. आमचे ३९० डॉलर गेले. ते परत येणार नाहीत. पण ज्या युक्तीने ते काढून घेतले ती युक्ती टेनिसला चालते तशीच बेसबॉललाही चालते, आणि परदेशातून चार दिवसांसाठी आलेलं कुटुंब हे तिचं हमखास गिऱ्हाईक आहे.

आम्ही नणंदेकडे न्यू जर्सीत, एडिसनला उतरलो होतो. मुलगी पुण्यात डेक्कन जिमखान्यावर टेनिस खेळते. २०२३ साली रोहन बोपण्णा त्रेचाळीसाव्या वर्षी यूएस ओपनच्या दुहेरीची फायनल खेळला, तेव्हापासून तिला न्यूयॉर्कमधलं ते कोर्ट बघायचं होतं. आर्थर अ‍ॅश या मुख्य स्टेडियममध्ये तेवीस हजारांहून जास्त माणसं बसतात, तरी पहिल्या आठवड्यातल्या दिवसाच्या सत्राची एकत्र तीन तिकिटं आम्हाला परवडतील अशा भावात दिसत नव्हती.

तेवढ्यात तिथल्या भारतीयांच्या एका समूहात एक पोस्ट आली. प्रोफाइलवर मराठी आडनाव आणि घरच्या गणपतीचा फोटो होता. मी मेसेज केला तर उत्तर चक्क मराठीत. “ताई, आईला बरं नाही म्हणून अचानक पुण्याला निघालोय. नफा नको, घेतले त्याच भावात देतो.” परक्या देशात आपल्या भाषेत कुणी असं बोललं की मन सैल होतं. त्या माणसाला हे नेमकं माहीत होतं, आणि याची मला आजही सगळ्यात जास्त चीड येते.

त्याने अ‍ॅपचा स्क्रीनशॉट पाठवला. सेक्शन, रांग, आसनं, तारीख, सगळं बरोबर होतं. मग म्हणाला, “ट्रान्सफर केलं आहे, ईमेल बघा. बारकोड मॅचच्या चार तास आधी उघडेल, आयोजकांचा नियमच आहे.” ईमेल आला होता, खऱ्यासारखाच दिसत होता. नणंदेच्या यजमानांनी झेलवरून पैसे पाठवले. आपल्याकडचं यूपीआय तसं तिकडे झेल: बँकेतून बँकेत, क्षणात, आणि एकदा गेले की गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा पुन्हा मेसेज: “तिकिटावर तुमचं नाव चढवायला ९० डॉलर लागतील, नंतर परत मिळतात.” ते आम्ही दिले नाहीत. त्यावर त्याचा सूर एकदम बदलला, ताईची मॅडम झाले, आणि तासाभरात आम्ही ब्लॉक झालो.

तरी ईमेल हातात होता, म्हणून गेलो. सात नंबरच्या गाडीने मेट्स-विलेट्स पॉइंट स्टेशनला उतरलं की लाकडी पुलावरून गर्दी सरळ गेटापर्यंत नेते. गेटवरच्या बाईंनी शांतपणे सांगितलं, “ईमेल नको, तुमच्या खात्यातलं तिकीट उघडा.” खात्यात काहीच नव्हतं. ईमेलमधली लिंक नकली पानावर जात होती. बाई म्हणाल्या, अशी कुटुंबं दर वर्षी येतात. मुलगी एक शब्दही बोलली नाही.

आता यामागचं तंत्र नीट समजून घ्या. अमेरिकेतल्या मोठ्या मैदानांवर तिकीट म्हणजे आता कागद नाही, पीडीएफ नाही, फोटोही नाही. ती तुमच्या नावाच्या खात्यातली नोंद असते. यूएस ओपनची तिकिटं टिकेटमास्टर या तिकीटविक्रीच्या अ‍ॅपवर असतात, मेजर लीग बेसबॉलची एमएलबी बॉलपार्क अ‍ॅपमध्ये. खरं ट्रान्सफर होतं तेव्हा विकणाऱ्याचा बारकोड बाद होतो आणि तुमच्या खात्यात नवा तयार होतो. बऱ्याच तिकिटांवरचा बारकोड तर दर काही सेकंदांनी बदलतो. म्हणजे स्क्रीनशॉट खऱ्या तिकिटाचा असला तरी त्याला किंमत शून्य, आणि तोच दहा जणांना विकता येतो.

बारकोड उशिरा दिसतो हे कधीकधी खरंही असतं, म्हणून तर ही थाप खपते. पण तेव्हाही तिकीट, त्यावरच्या सेक्शन-रांग-आसनासकट, तुमच्या खात्यात आधी आलेलं असतं. ते बघायचं ते ईमेलमधल्या लिंकवरून नव्हे, स्वतः अ‍ॅप उघडून. ट्रान्सफरच उशिरा सुरू होणार असेल, तर पैसेही तेव्हाच द्यायचे.

बँकेने आमची तक्रार घेतली आणि कळवलं की पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, परत मिळणार नाहीत. क्रेडिट कार्डाने दिले असते तर माल मिळाला नाही म्हणून व्यवहाराला आव्हान देता आलं असतं. अमेरिकन कार्डांना बिल आल्यापासून साठ दिवसांत लेखी तक्रारीचा हक्क कायद्यानेच आहे. कार्ड घ्यायला नकार देणाऱ्याशी पुढे बोलूच नका. फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहक-संरक्षण संस्थेच्या आणि एफबीआयच्या ऑनलाइन फसवणुकीसाठीच्या आयसी३ या संकेतस्थळावरही तक्रार नोंदवली. पैसे मिळतील म्हणून नव्हे, नोंद राहावी म्हणून.

तिकिटांच्या अ‍ॅपवरचं खातं भारतातूनच उघडून ठेवा. पडताळणीचा कोड मोबाइलवर येतो, आणि रोमिंग बंद असलं तर ऐन वेळी अडकायला होतं. मे २०२५ पासून तिकीट विकणाऱ्यांनी सक्तीच्या शुल्कासकट पूर्ण किंमत आधीच दाखवायची, असा तिथे नियम आहे. त्यामुळे अधिकृत पुनर्विक्रीतली तिकिटं महाग वाटली तरी दिसते ती किंमत खरी असते.

आणि अ‍ॅशचा हट्ट नसेल तर ग्राउंड्स पास घ्या, म्हणजे बाकीच्या कोर्टांवर फिरायचं तिकीट. पहिल्या आठवड्यात बाहेरच्या कोर्टांवर नामवंत खेळाडू अगदी हाताच्या अंतरावरून बघता येतात. मुख्य स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात पात्रता फेरी असते, तिला प्रवेश मोफत असतो. पात्रता फेरीच्या प्रवेशाचे कुणी पैसे मागितले तर तो चोर समजा. शेजारीच सिटी फील्ड आहे, तिथे मेट्स या संघाचं बेसबॉल चालतं. एकेक संघ हंगामात घरच्या मैदानावर ८१ सामने खेळतो, त्यामुळे आठवड्यातल्या साध्या दिवसाचं तिकीट सहसा मिळून जातं. बाहेर छापील कागद विकणाऱ्यांकडे वळायची गरज नाही.

हे सांगितल्यावर काही नातेवाईक म्हणाले, तुम्हाला कळायला हवं होतं. असं कृपा करून कुणाला म्हणू नका. याच बोलण्यामुळे माणसं गप्प बसतात आणि चोराला पुढचं घर सापडतं. आम्ही त्या समूहात सगळे मेसेज टाकले, तेव्हा आणखी दोन कुटुंबं पुढे आली. त्यांच्याकडेही तोच स्क्रीनशॉट होता, तीच आसनं, आणि पुण्यात आजारी असलेली तीच आई.

ते खातं आता बंद आहे. गणपतीचा तोच फोटो लावलेलं दुसरं खातं नणंदेला नुकतंच दिसलं. तिथे सप्टेंबरच्या फुटबॉल सामन्यांची तिकिटं विकायला आहेत, “घेतले त्याच भावात”.