एटी२०२० की एनटी१-ए?

दोन्ही रेकॉर्डिंगचे माइक. ऑडिओ-टेक्निका कंपनीचा एटी२०२० खिशाला परवडतो, पण त्याची स्वतःची सरसर, म्हणजे काही वाजत नसतानाही माइकमधून येणारा बारीक आवाज, २० डेसिबल. रोड कंपनीच्या एनटी१-एची जेमतेम ५. ढोलकी वाजवायची किंवा मोकळ्या गळ्याने गायचं असेल, तर हा फरक कानाला जाणवतही नाही. तानपुरा किंवा हळुवार आलापी घेताना मात्र गेन (माइकच्या सिग्नलची पातळी) वाढवला, की एटीची सरसर मागे ऐकू येतेच. एनटी१-एसोबत शॉकमाउंट (स्टँडचे हादरे माइकपर्यंत पोचू न देणारा धारक) आणि पॉप फिल्टर (‘प’, ‘फ’चे फुत्कार अडवणारी जाळी) येतात. एटीसाठी ते वेगळे घ्यायचे, म्हणजे किमतीतलं अंतर तिथेच थोडं आटतं. एनटी१-ए तीक्ष्ण, उंच आवाजांत जरा चकचकीत, ‘स’ आणि ‘श’ टोचतात. माइक तोंडापासून किंचित तिरका ठेवा. फँटम पॉवर, म्हणजे केबलमधूनच माइकला मिळणारी वीज, दोघांनाही लागतेच. आणि रेकॉर्डिंगच्या वेळी पंखा बंद करणं जमणार नसेल, तर सरळ एटी घ्या; पंख्याच्या आवाजात एनटीची कमी सरसर वायाच जाते.