हर्णै की विजयदुर्ग?

दोन्ही गावांत बंदर आहे, दोन्हीकडे आंग्र्यांच्या आरमाराचा इतिहास आहे आणि दोन्ही जलदुर्ग 2025 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. तरी अनुभव अगदी वेगळा.

दापोलीजवळच्या हर्णैला जायचं ते संध्याकाळच्या लिलावासाठी. होड्या किनाऱ्याला लागतात, टोपल्या उतरतात आणि पापलेट, सुरमई, कोळंबीचे ढीग वाळूवर मांडले जातात. कोळणी बोली लावताना मध्ये उभं राहून फोटो काढत बसू नका, त्यांच्या पोटापाण्याची ती वेळ असते. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. तिथे होडीनेच जावं लागतं आणि पावसाळ्यात ती बंद.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या विजयदुर्गाला मात्र चालत आत जाता येतं. शिलाहारांच्या काळातला हा किल्ला शिवाजी महाराजांनी 1653 मध्ये घेतला. 1756 मध्ये इंग्रजांच्या हल्ल्यात तुळाजी आंग्र्यांचं आरमार इथेच जळालं. तटावरून वाघोटणची खाडी पाहताना ते आठवतं आणि पाय निघत नाही. जवळच गिर्ये गावात रामेश्वराचं देऊळ आहे. कातळ खोदून केलेल्या वाटेने तिथे उतरायचं. पेशव्यांच्या आरमाराचे प्रमुख आनंदराव धुळप यांची समाधीही तिथेच.

हर्णैला एक संध्याकाळ पुरते. मुक्कामाला मी विजयदुर्गच निवडेन, तोही एखाद्या घरगुती खानावळीत. आदल्या दिवशी कळवलं की सकाळी गरम घावणे, दुपारी बांगड्याचं तिखलं आणि सोलकढी मिळते. ‘पोटभर जेवलात मां?’ असं खानावळीच्या काकी दोनदा विचारतात. घाई असेल तर इथे येऊच नका.