तीन तारे, तेही दुसऱ्या वकीलबाईंमुळे

मामा विमान अपघातात गेला, त्याला बरीच वर्षं झाली. परवा मामीच्या ट्रंकेत त्याच्या तिकिटाची पिवळी पडलेली झेरॉक्स सापडली, म्हणून या ऑनलाइन कायदा सल्ला सेवेवर अर्ध्या तासाची वेळ घेतली. पहिले वकील म्हणाले, "केस भक्कम आहे, कागद पाठवा." अपघाताची तारीखसुद्धा विचारली नाही! मी हट्टानं दुसरं मत मागितलं.

वकीलबाईंनी आधी झेरॉक्स कॅमेऱ्यासमोर धरायला लावली. प्रवास परदेशचा होता ना? विमान कधी पोचायचं होतं? मग स्पष्ट सांगितलं: परदेशी विमानप्रवासातल्या भरपाईचे आंतरराष्ट्रीय करार बघा, १९२९ चा वॉर्सा करार घ्या किंवा १९९९ चा माँट्रियल, विमान कंपनीवर दावा २ वर्षांच्या आत करावा लागतो. न पोचलेल्या विमानाची मुदत ते पोचायला हवं होतं त्या दिवसापासून मोजतात. मामी चौकशी अहवालाची वाट बघत बसली होती, तेवढ्यात मुदत सरली. विमान बनवणाऱ्या कंपनीवरच्या दाव्याला त्या त्या देशाचा मुदतीचा कायदा लागतो. आमचं तिथलंही दार बंद.

वाईट वाटलं, पण खोटी आशा नको होती. पहिल्या अर्ध्या तासाची फी परत मागितलीये, अजून उत्तर नाही.