मटण आपलं, करणावळ मावशींची: जांबोटी रोडवरच्या खानावळीत आमचा रविवार

दादा-वहिनी मेलबर्नहून आले की बाहेर जेवायला कुठं न्यायचं हा घोळ आमच्याकडं दरवेळी होतोच. या डिसेंबरात आले आणि दुसऱ्याच दिवशी दादानं विचारलं, अगं बेळगावात कुठं आपली वाइनची बाटली आपण घेऊन जाऊन जेवायला बसता येतंय काय? तिकडं त्यांना सवय आहे त्याची, बीवायओ म्हणतात, म्हणजे दारू तुमची तुम्ही आणा आणि जेवण आमच्याकडं जेवा. मी २०१९ ला गेले होते तेव्हा त्यांनी मला कार्लटनच्या लायगन स्ट्रीटवर एका इटालियन हॉटेलात नेलं होतं आणि रिचमंडच्या व्हिक्टोरिया स्ट्रीटवर व्हिएतनामी हॉटेलात पण, वहिनीनं पर्समधून बाटली काढून टेबलावर ठेवली तेव्हा मला धसकाच बसला, म्हटलं आता कोणतरी येऊन ओरडणार, पण पोरगा आला, ग्लास ठेवून गेला, एवढंच. बिलात कॉर्केज म्हणून, म्हणजे आपली बाटली तिथं उघडल्याचे, थोडे पैसे लागले, ते मेनूकार्डाच्या खालच्या ओळीत आधीच छापलेले होते, कुठं बाटलीमागं घेतात कुठं माणसामागं. बहुतेक ठिकाणी फक्त वाइनच चालते, बिअर व्हिस्की नाही.

दादानं तेव्हा सांगितलं होतं की मेलबर्न ज्या व्हिक्टोरिया राज्यात आहे तिथं १९६६ पर्यंत पब संध्याकाळी ६ लाच बंद व्हायचे आणि हॉटेलाला दारूचं लायसन्स मिळवणं अवघड आणि महाग होतं, म्हणून छोट्या हॉटेलवाल्यांना गिऱ्हाइकानं स्वतःची बाटली आणलेली बरीच पडायची. बाटलीवर नफा नाही म्हणजे हॉटेल चालणार ते नुसत्या स्वयंपाकावर. मला ते फार पटलं होतं तेव्हा आणि अजून पटतंय.

पण बेळगावात ते जमत नाही. इथं बसून प्यायची तर बार अँड रेस्टॉरंटचं सीएल-९ लायसन्स लागतं, वाइन शॉपचं सीएल-२ म्हणजे बाटली घ्या आणि घरी जावा. साध्या खानावळीत कुणी बाटली काढली तर पंचाईत खानावळवाल्याचीच होते. आणि बरेचजण चोर्ला घाटातनं गोव्याची स्वस्त बाटली घेऊन येतात, परमिट नसेल तर ते पण बेकायदेशीर आहे, कणकुंबीच्या चेकपोस्टवर गाडी तपासली तर रविवारचा सगळा मूड जातो. म्हणून मी दादाला म्हटलं, बाटलीचं राहू दे, आपल्याकडं आपलं मटण घेऊन जायची सोय आहे, तिकडं चल.

तर ही खानावळ बेळगावहून जांबोटी रोडला लागलं की पिरनवाडी सोडून पुढं, किणये ओलांडलं की डाव्या हाताला आहे. बोर्ड नाही. पत्र्याची शेड, बाजूला आंब्याचं झाड, त्याखाली तीन चुली आणि आत सिमेंटच्या जमिनीवर आठ टेबलं. तिथं मावशी, त्यांची सून आणि एक हाताखालची बाई एवढीच माणसं. मेनू नाहीच. तुम्ही मटण किंवा कोंबडी आणायची, त्या करून देणार, मटणाला किलोमागं करणावळ २५० रुपये, त्यात सुकं, रस्सा आणि आधी अळणी, म्हणजे बिनतिखटाचा रस्सा. भाकरी, भात, सोलकढी याचे पैसे वेगळे. हे सगळे दर आत शिरल्या शिरल्या भिंतीवर खडूनं लिहिलेत, वर मराठीत खाली कन्नडमध्ये. मला ही गोष्ट सगळ्यात आवडली आणि का आवडली ते सांगते.

मागच्या वर्षी लेकीच्या वाढदिवसाला आम्ही शहरातल्या एका कॅफेत गेलो होतो, नाव घेत नाही. केक आमचा आम्ही नेला होता, आधी फोन करून विचारलं पण होतं की चालेल का, चालेल मॅडम म्हणाले. बिल आलं तर त्यात केकचे ३०० रुपये! प्लेटा आणि चमचे दिले म्हणून. पैसे घ्यायला माझी ना नाही, प्लेट धुवायला माणूस लागतो, पाणी लागतं, टेबल अडतं, सगळं मान्य आहे, पण फोनवर विचारलं तेव्हा सांगायला काय झालं होतं? लेकीच्या मैत्रिणींसमोर मी काउंटरला उभी राहून वाद घालत बसले आणि तिचं तोंड एवढंसं झालं, ते मला अजून लागतं. बाहेरची वस्तू आणू देणारा कुणीही असो, मेलबर्नचा असो नाहीतर टिळकवाडीतला, दर आधी सांगायचाच. मावशींनी तो भिंतीवर लिहिलाय.

आता मटणाकडं येते. रविवारी सकाळी ७ लाच हे आणि दादा कसाई गल्लीत गेले. उशीर केला की चांगला माल उचलला जातो आणि मग उरलेलं घ्यायला लागतं. अडीच किलो घेतलं, मांडी, सीना आणि पुढचा पाय मिक्स, त्यातच थोडी कलेजी, किलोला ८०० पडलं. एक सांगते, अशा खानावळीला जायचं तर मटणवाल्याला आधीच सांगा की सुकं आणि रस्सा दोन्ही करायचं आहे, म्हणजे तो तुकडे त्या बेतानं पाडतो, नळ्या अख्ख्या ठेवतो. आणि फार बारीक करू देऊ नका, चुलीवर फुटतात.

साडेदहाला पोचलो. मावशींनी पिशवी हातात घेतली ती आधी तराजूत टाकली आणि आमच्यासमोर वजन केलं, मग परातीत ओतून नळ्या मोजल्या, सात आहेत बघा, कलेजी वेगळी काढून दाखवली, आणि सुनेला म्हणाल्या लिही, अडीच, नळ्या सात. सुनेनं पातेल्याच्या झाकणावर खडूनं आमचं नाव आणि हे आकडे लिहिले. ज्यांनी आपलं मटण दुसऱ्याकडं शिजायला दिलंय त्यांना कळेल की मी यावर एवढं का लिहितेय. याआधी एका दुसऱ्या ठिकाणी आम्ही दोन किलो दिलं होतं आणि ताटात आलेलं बघून सासूबाई म्हणाल्या हे दीड किलोच्या वर नाही, आता मटण शिजल्यावर आटतं हे खरंच आहे, पाणी सुटतं, चरबी वितळते, त्यामुळं भांडायचं तरी कुठल्या तोंडानं. पण नळ्या आटत नाहीत! दिल्या तेवढ्या परत यायला पाहिजेत. मावशींकडं जेवायच्या वेळी सातच्या सात आल्या, आणि मी मोजल्या.

चुलीजवळ बसू देतात, त्यामुळं मी आणि वहिनी तिथंच पाटावर बसलो. आधी मटणाला हळद, मीठ, आलं-लसूण लावून थोड्या तेलावर परतलं, झाकणावर पाणी ठेवलं आणि त्याच्या अंगच्या पाण्यातच शिजू दिलं, मग झाकणावरचं तापलेलं पाणी आत ओतलं. कुकर नाही. पाऊण तासानं त्यातनं पोरांसाठी अळणी काढलं, वाटीत थोडा भात कुस्करून. दुसरीकडं सून सुकं खोबरं थेट निखाऱ्यावर धरून भाजत होती, काळं नाही होऊ द्यायचं, कडेनं तांबूस झालं की काढायचं, कांदे तर सालासकट निखाऱ्यात पुरले होते. तीळ, खसखस, कोथिंबीर, सगळं पाट्यावर वाटलं. मिरची दोन प्रकारची, रंगाला ब्याडगी आणि झटक्याला संकेश्वरी. वहिनी म्हणाली नुसती ब्याडगी वापरा हो, पोरांना तिखट लागेल, तर मावशी म्हणाल्या, "ब्याडगीनं रस्सा नुसता दिसाय चांगला लागतोय, चवीला संकेश्वरी पाहिजेच, पोरास्नी अळणी काढलंय की." बरोबर होतं त्यांचं. रंग असा आला होता की वाटीच्या कडेला तर्रीची लाल रेघ राहिली पण घशाला जळजळ नाही.

सुकं उत्तम, अगदी उत्तम. मसाला तुकड्याला धरून, हाडापासून मांस बोटानं सुटत होतं. कलेजी शेवटी पाच मिनिटंच टाकली त्यामुळं वातड झाली नाही, ही चूक मोठमोठी हॉटेलं करतात. रस्सा मात्र मला थोडा पातळ वाटला, अडीच किलोला वाटण अजून मूठभर चाललं असतं, आणि वरती तेल जास्त होतं. मी सांगितलं तर मावशींनी वाईट वाटून घेतलं नाही, पुढच्या वेळी आधी सांगा म्हणाल्या, काहीजण तर्री मागून घेतात म्हणून त्या घालतात. भाकरी जोंधळ्याची, चुलीवरून थेट ताटात, पण आम्ही नऊजण असल्यामुळं भाकरीची वाट बघायला लागत होती, दोन टेबलं भरली की एका तव्यावर भागत नाही. भात साधा होता. बेळगाव बासमतीचा वास ज्यांना माहीत आहे त्यांना इथला भात आवडणार नाही, मी तर पुढच्या वेळी येळ्ळूरचे तांदूळ पण घरूनच नेणार आहे, त्या घेतात म्हणे करून.

बाटलीचं विचारायचं राहिलं होतं ते दादानं शेवटी विचारलंच. त्यानं तिकडनं एक शिराझ, म्हणजे लाल वाइन, आणली होती, ती गाडीत होती. मावशींनी हात धुतले, पदराला पुसले आणि म्हणाल्या, "ते हितं काढू नका हं. पोरंबाळं, बायका असत्यात, आणि माझ्याकडं लायसन नाही. तुम्ही चांगली माणसं दिसताय, पण उद्या दुसरा कोण आला तर त्याला काय सांगू?" दादानं लगेच मान हलवली. बाजूच्या टेबलावर दोन बायका आपल्या पोरांना घेऊन निवांत जेवत होत्या, रोडवरच्या किती जागी असं दिसतं? बार अँड रेस्टॉरंटला फॅमिली रूमचा पडदा लावला तरी बाहेरचा आरडाओरडा आत येतोच. इथं मला सासूबाईंना आणि लेकीला घेऊन बसायला काही वाटलं नाही, ही गोष्ट माझ्यासाठी रश्श्याच्या वर आहे.

आम्ही सोलकढी प्यालो, ताजी होती, मिरचीचा ठेचा घालून, ग्लास २५ ला.

बिल सांगते म्हणजे अंदाज येईल. करणावळ ६२५, भाकरी १६ म्हणजे ३२०, भात चार वाट्या १६०, सोलकढी आठ ग्लास २००, एकूण १३०५. मटणाचे २००० आमचे आधीच गेलेले. ३३०५ मध्ये नऊजण पोटभर जेवलो आणि दोन वाट्या सुकं उरलं ते मावशींनी डब्यात भरून दिलं, डबा आपलाच न्यायचा. कांदा-लिंबाचे पैसे नाहीत, पाण्याचे नाहीत. यूपीआयचा कोड लावलाय पण तिथं रेंज येते-जाते, ह्यांना रस्त्यापर्यंत चालत जाऊन पैसे पाठवायला लागले, म्हणून रोख जवळ ठेवा. संडासची सोय आहे पण एकच आहे आणि कडी नीट लागत नाही, मावशी, हे वाचून कोण तुम्हाला सांगत असेल तर तेवढं बघा, म्हाताऱ्या माणसांची अडचण होते. गाडी लावायला जागा भरपूर.

संध्याकाळी घरी ते उरलेलं सुकं गरम केलं आणि दादानं शिराझ उघडली, फिरकीचं बूच होतं, कॉर्क नाही. मी दोन घोट घेतले. तिखटानंतर वाइन जरा तुरट लागली पण कलेजीबरोबर छान लागली. दादाला मी म्हटलं आपल्या अथणीकडं केवढ्या द्राक्षबागा आहेत, विजापूरला तर विचारूच नको, पण बहुतेक माल बेदाण्याला जातो. तो म्हणाला मग एखादं वाइनचं लायसन्स घेतलेलं आणि मटण करून देणारं, दोन्ही एका जागी का काढत नाही कोण? मी म्हटलं काढतील, पण त्यात मावशींच्या शेडीत बसलेल्या त्या दोन बायका येतील का, ते मला आधी बघायला लागेल.

जायचं असेल तर आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत निरोप पोचला पाहिजे, ऐनवेळी गेलात तर चूल मोकळी नसते. सोमवारी बंद. श्रावणात महिनाभर बंद. साडेदहापर्यंत मटण पोचवलंत तर साडेबाराला ताट मिळतं, बाराला पोचलात तर तीन वाजणार. आम्ही दादा जायच्या आधीच्या रविवारी परत जातोय, या वेळी दोन गावठी कोंबड्या नेणार, कोंबडीला करणावळ नगाला १५० आहे आणि मावशींनी बजावून सांगितलंय की सोलून आणू नका, भाजायची आम्हीच भाजतो.