ऑफलाइन सिंक ‘सेट करून देणाऱ्या’ने ९२,८०० रुपयांना फसवलं

१८,५०० रुपये सेटअपची फी म्हणून भरले आणि ७४,३०० खात्यातून परस्पर गेले. लिहितानाही डोकं तापतंय आणि लाज वाटतेय. पण सपोर्टवाले बनून असे फोन उचलणारे चोर अजून मोकळे आहेत, म्हणून लिहितोय.

आमची माणसं फील्डवर असतात आणि तिथे नेटवर्कचा भरवसा नसतो. कोटेशन, रेटशीट, करार फोनमध्ये आधीच उतरलेले लागतात. आमच्या बिझनेस अ‍ॅपमध्ये ती सोय आहे, पण काही फोनवर सिंक, म्हणजे फायली फोनमध्ये आपोआप उतरणं, अडकायचं. इंटरनेटवर सपोर्टचा नंबर शोधला, सगळ्यात वर दिसला तो लावला. ती पैसे देऊन लावलेली जाहिरात होती. पलीकडच्याने विचारलं: फोल्डर ऑफलाइनसाठी निवडलंय का, सिंक फक्त वायफायवर ठेवलंय का, बॅटरी सेव्हर चालू आहे का? एकूण एक प्रश्न बरोबर. असं विचारणाऱ्यावर कोण संशय घेईल?

मग लिंक पाठवून ‘सिंक हेल्पर’ टाकायला लावलं, प्ले स्टोअरच्या बाहेरून. अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी द्यायला गेलो तर फोनने अडवलं. ओळ करडी, दाबली की ‘रिस्ट्रिक्टेड सेटिंग’. अँड्रॉइड १३ पासून बाहेरून टाकलेल्या अ‍ॅपला ही आडकाठी याच चोरांसाठी घातली आहे. तो शांतपणे म्हणाला, “सर, अ‍ॅप इन्फो उघडा, वरच्या तीन ठिपक्यांत जा, अलाउ करा.” त्याच क्षणी फोन कट करायला हवा होता! ते तीन ठिपके अजून डोळ्यांसमोरून हलत नाहीत. पण टीम फायलींसाठी खोळंबलेली असताना माणूस जाणकाराचं ऐकतो, कुणीही ऐकलं असतं. त्या परवानगीने स्क्रीनवरचं सगळं वाचता येतं, आपल्या वतीने बटणं दाबता येतात. ओटीपी त्याने विचारलासुद्धा नाही.

ऑफलाइन फायलींना असली परवानगी लागतच नाही. त्या अ‍ॅपच्या स्वतःच्या जागेत उतरतात. अ‍ॅक्सेसिबिलिटी, एसएमएस किंवा स्क्रीन शेअर मागितलं की समोरचा चोर आहे असंच समजा.

बँक म्हणते, व्यवहार तुमच्याच फोनवरून झाला, आम्ही काय करणार? पोलिस म्हणाले, सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, आधी बँकेचं पत्र आणा. बँकेला पत्राआधी तक्रारीची प्रत हवी! प्रत्येक टेबलावर तीच कहाणी पहिल्यापासून सांगायची आणि वर ऐकायचं, “शिकलेले असून असं कसं केलंत?” पैसे पुढच्या खात्यात सरकत होते तेव्हा हे लोक आमच्याकडे झेरॉक्स मागत होते. ग्राहकांचे करार त्या फोनमध्ये उघडे होते, त्याबद्दल तर कुणी अवाक्षर काढलं नाही.

असं झालं तर आधी फोनचं नेट बंद करा आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा. नुसता बिझनेस अ‍ॅपचा पासवर्ड बदलून थांबू नका, कंपनीच्या अ‍ॅडमिनकडून सगळ्या डिव्हाइसवरचं लॉगिन रद्द करून घ्या. रिमोट वाइपचा, म्हणजे दुरून फोनमधला डेटा पुसण्याचा, आदेश फोन ऑनलाइन आल्याशिवाय पोचत नाही, हेही ध्यानात असू द्या. आणि सपोर्टचा नंबर अ‍ॅपच्या आतल्या मदत विभागातूनच घ्या. आमच्या अ‍ॅडमिनने नंतर त्या फोनांवर या अ‍ॅपपुरतं बॅटरी ऑप्टिमायझेशन (बॅटरी वाचवायला अ‍ॅपचं मागे चालणं रोखणारी सेटिंग) बंद केलं आणि सिंक सुरू झालं. त्याला एक रुपया लागला नाही.