चिपळूणच्या दमट हवेत तीन एअर पिस्तुलं : तेरा वर्षांनंतर

मुलीसाठी एअर पिस्तूल घ्यायचं ठरलं की पालक मला पहिलं हेच विचारतात, "बाई, सगळ्यात अचूक कुठलं?" मॅचसाठी बनवलेली सगळीच अचूक असतात. व्हाइसमध्ये (शिकंज्यात) आवळून मारलं तर दहा मीटरवर पाचही पेलेट, म्हणजे शिशाच्या बारीक गोळ्या, टार्गेटच्या मधल्या, दहा गुणांच्या वर्तुळात बसतात, आणि ते वर्तुळ जेमतेम साडेअकरा मिलिमीटरचं असतं. विचारायला हवं ते वेगळंच. आठ-दहा वर्षांनी, चार मुलांच्या हातांतून गेल्यावर, कोकणातला पावसाळा अंगावर घेऊन ते कसं राहतं?

मी शाळेत पी.टी. शिकवते आणि संध्याकाळी चार लेनची छोटी रेंज चालवते. प्रत्येक पिस्तुलाचं वहीत एक पान आहे. पाचशे पेलेटचा डबा संपला की एक रेघ मारायची, एवढीच नोंद. पुढे लिहिलंय ते या वहीवरून.

सर्वांत जास्त रेघा आहेत ऑस्ट्रियाच्या स्टायर एलपी 10 च्या पानावर. 2011 मध्ये नवं घेतलं, आजवर 440 डबे, म्हणजे दोन लाख वीस हजार शॉट. नळी अजून जशीच्या तशी आहे. पेलेट मऊ शिशाचा, वेग सेकंदाला दीडशे मीटरच्या आसपास, त्यामुळे एअर पिस्तुलाची नळी झिजतच नाही म्हटलं तरी चालेल. झिजतात त्या हवा अडवणाऱ्या रबरी ओ-रिंगा. त्या मी दोनदा बदलल्या, दर वेळी अर्धा तास लागला. यात धक्का शोषणारं एक छोटं वजन आत मागे सरकतं, म्हणून शॉट सुटला तरी साइट (नेम धरायची खूण) लक्ष्यावरून फारशी उडत नाही. नवशिक्या मुलांना स्वतःची चूक दिसायला याचा फार उपयोग होतो. ते वजन आजही पहिल्या वर्षासारखंच सरकतं.

याच पिस्तुलाचा एक प्रसंग मात्र सांगायलाच हवा. 2014 च्या पावसाळ्यात आठवीतली एक मुलगी शॉट मारून थांबली आणि म्हणाली, "बाई, ह्याचा आवाज वेगळा येतोय." मला काहीच वेगळं वाटलं नाही. टार्गेट ओढून बघितलं तर शेवटचे चारही पेलेट खाली, आठात. पिस्तुलाचा दाबलेल्या हवेचा सिलिंडर काढून उलटा धरला आणि व्हॉल्व्हचं तोंड तळहातावर टेकवलं, तर हातावर पाण्याचा थेंब आला. चूक पूर्णपणे माझी. ऑगस्टमधली हवा मी साध्या हॅण्डपंपाने दोनशे बारपर्यंत (बार हे दाबाचं माप) दाबून भरत होते, ओल शोषणारा फिल्टर न लावता. हवा दाबली की तिच्यातली वाफ पाणी होऊन सिलिंडरातच बसते. तेव्हापासून आम्ही कोरड्या हवेची, पाणबुडे वापरतात ती स्कूबा टाकी आणतो आणि जून ते सप्टेंबर पंपाला हातही लावत नाही. पुढच्या दहा वर्षांत व्हॉल्व्हने एकदाही त्रास दिलेला नाही.

दुसरं स्वित्झर्लंडचं मोरिनी सीएम 162 ईआय. 2016 पासून आमच्याकडे आहे, 190 डबे झाले. याचा ट्रिगर इलेक्ट्रॉनिक. यांत्रिक ट्रिगर, कुठल्याही कंपनीचा असो, मी महिन्यातून एकदा वजनाला लावते, कारण मॅचआधीच्या तपासणीत तुमच्या ट्रिगरने न सुटता 500 ग्रॅमचं वजन उचललं नाही तर सुरुवातच होत नाही. मोरिनीचा ट्रिगर आठ वर्षांत मला एकदाच जुळवावा लागला, तोही मुलगी बदलली म्हणून. ड्राय फायरचा, म्हणजे पेलेट न घालता ट्रिगर दाबायचा, सराव यावर फार सोपा आहे आणि पिस्तुलावर ताणही येत नाही. मी काळजी घेते ती बॅटरीची: पावसाळ्यात रात्री काढून डब्यात तांदळाच्या पुरचुंडीशेजारी ठेवते, आणि नवी बॅटरी मॅचच्या दिवशी नाही, तर आठवडाभर आधी घालते.

तिसरं जर्मनीचं फाइनवर्कबाऊ 65. नावातला 65 म्हणजे 1965, ते पहिल्यांदा बाजारात आलं ते वर्ष. आमचं एका निवृत्त फौजदारांनी रेंजला दिलेलं. त्यात सिलिंडर नाही, हवा भरणं नाही. डाव्या बाजूचा लांब दांडा ओढायचा, आतली स्प्रिंग ताणली जाते, आणि शॉट सुटताना पिस्तुलाचा वरचा भाग रुळांवरून मागे घसरतो, म्हणून हाताला धक्का लागत नाही.

22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी गावात शिरलं तेव्हा बाकीची दोन माझ्या घरी वरच्या मजल्यावर होती. हे खालच्या कपाटात राहिलं. दीड दिवसाने कपाट उघडलं तेव्हा पिस्तुलाचा आकार चिखलातून नुसता ओळखू येत होता. लाकडी ग्रिप फुगून तडकली होती, दांडा हलेना. स्वच्छ पाण्याने धुतलं, एकेक स्क्रू काढून सुटं केलं, गॅलरीत चादरीवर मांडलं आणि सुकल्यावर तेलाचा हात दिला. स्प्रिंग गंजलेली होती, ती आणि नळीच्या तोंडाचं सील नवं आणायला पाच महिने गेले. जानेवारीत पाच पेलेट मारले. पन्नास पैशांच्या नाण्याने पाचही भोकं झाकली गेली. मी त्या दिवशी रडले.

पूर आला त्याच आठवड्यात, 25 जुलैला, टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकरचं पिस्तूल पात्रता फेरीच्या मध्येच बिघडलं होतं. आमच्याकडे वीज नव्हती, मुलांना ते चार दिवसांनी कळलं. साठ शॉटना 75 मिनिटं, आणि आपल्या पिस्तुलासाठी घड्याळ थांबत नाही. ती 575 वर बारावी आली. तीच मुलगी 2024 ला पॅरिसमध्ये दोन कांस्यपदकं घेऊन आली. माझ्या मुली तेव्हापासून बॅगेत सुटे भाग न सांगता ठेवतात.

जुनं पिस्तूल घेणाऱ्यांनी सिलिंडरवरची तारीख आधी वाचावी. त्याचं आयुष्य ठरावीक वर्षांचं, तारीख उलटली की तो मॅचला चालत नाही, आणि दोनशे बारची वस्तू मुलाच्या मनगटाशी असते. एका विक्रेत्याने मला चकचकीत पुसलेलं पिस्तूल दिलं होतं, तारीख तीन वर्षांपूर्वीच संपलेली. पैसे परत मिळवायला चार महिने भांडले. पिस्तूल पंधरा वर्षांचं असलं तरी घ्या, सिलिंडर नवा घ्या, आणि ओ-रिंगांचा संच त्याच दिवशी मागवा.

एकच घ्यायचं आणि गाव कोकणातलं, तर मी स्टायर घेईन, कारण ते मी स्वतः उघडून नीट करू शकते. राज्य पातळीपुढे जाणाऱ्या, स्वतःची वस्तू जपणाऱ्या मुलीला मोरिनी. फाइनवर्कबाऊ मिळालं तर सोडू नका. आमच्याकडे प्रत्येक नवं मूल पहिले दोन डबे त्याच्यावरच मारतं. दांडा ओढताना अजून कधीतरी वाळूचा बारीक करकर आवाज येतो. तो आला की मी ते पुन्हा चादरीवर सुटं करते.