कापडी डायपर: डोंबिवलीचा पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

कापडी डायपर घ्यायचा विचार असेल तर कव्हरवरचे हत्ती-जिराफ नंतर बघा. आधी आतला पॅड बघा आणि घरात कपडे वाळत घालायला किती जागा आहे ते बघा. आमच्या लेकीसाठी आम्ही हिवाळ्यापासून हे वापरतोय, आता पावसाळाही सरला. धुणं-वाळवणं माझ्याकडे आहे, त्यामुळे कुठे काय अडतं हे रोज हाताखालून जातं.

आमचे डायपर पॉकेट प्रकारातले आहेत. बाहेरून पीयूएल, म्हणजे पॉलिस्टरच्या कापडाला आतून पॉलियुरेथेनचा पातळ थर, त्यातून ओल बाहेर येत नाही. बाळाच्या अंगाला मऊ फ्लीस, आणि या दोन्हींच्या मधल्या खिशात पॅड सरकवायचा. पुढच्या बाजूला टिचबटणांच्या ओळी असतात, बाळ वाढेल तशी उंची वाढवत न्यायची. पाकिटावर तीन किलोपासून चालेल असं लिहिलेलं असतं, पण तेवढ्या बाळाच्या मांड्या इतक्या बारीक असतात की इलॅस्टिकला फट राहते आणि तिथूनच गळतं. आमची लेक पाच किलोच्या आसपास आली तेव्हा कुठे ते नीट बसायला लागले. तोवर बाळंतविड्यातल्या त्रिकोणी लंगोटांनी आणि दुपट्यांनीच निभावलं. बाळ जन्मायच्या आधीच पूर्ण सेट विकत घ्यायची घाई म्हणूनच करू नका.

आता पॅड. सोबत मिळतात ते बहुतेक मायक्रोफायबरचे, म्हणजे अगदी बारीक कृत्रिम धाग्यांचे. ते शू पटकन ओढून घेतात, पण दाब पडला की सोडतातही. बाळ कडेवर असेल किंवा गाडीत मांडीवर बसलं असेल तर तेवढ्या दाबानेही मांडीच्या कडेने ओल बाहेर येते. सुती किंवा बांबूचे पॅड सावकाश शोषतात, पण धरून ठेवतात. आम्ही वर मायक्रोफायबर आणि खाली सुती अशी जोडी लावायला लागलो आणि गळणं जवळजवळ थांबलं. मायक्रोफायबर मात्र कायम खिशातच हवा. थेट अंगाला लागला तर तो त्वचेतला ओलावाही ओढून घेतो. सुती पॅड नवे असताना पाणी वरच्या वर घरंगळतं. पाच-सहा धुण्यांनंतर ते खरे शोषायला लागतात, त्यामुळे पहिल्याच दिवशी नाराज होऊ नका.

आमच्या आईला वेगळीच काळजी होती. "अरे, एवढा गठ्ठा बांधतोस, पाय फेंगडे होतील तिचे." बालरोगतज्ज्ञांना हे मुद्दाम विचारलं. त्यांनी सांगितलं की तान्ह्या बाळाच्या मांड्या बाहेर आणि गुडघे दुमडलेले राहणं खुब्यासाठी चांगलंच असतं. धोका असतो तो पाय सरळ ताणून घट्ट बांधून ठेवण्यात. आईला ते पटलं, आणि दुपट्यात गुंडाळतानाही ती आता पायांकडे सैल ठेवते.

धुण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण बहुतेक लोक इथेच सोडून देतात. अंगावरच्या दुधावरच्या बाळाची शी पाण्यात विरघळते, साध्या पाण्याखाली निघते. सहा महिन्यांनंतर वरणभात, नाचणीसत्त्व सुरू झालं की चित्र पालटतं. तेव्हा आधी संडासात झटकायचं, जेटने धुवायचं, मग बाकीचं. पहिलं पाणी थंडच हवं, गरम पाण्याने डाग बसतो. ओले डायपर पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवू नयेत, जाळीच्या पिशवीत हवेशीर ठेवावेत. मशीनला चाळीस अंशांवर धुतो, पावडर बेताची आणि शेवटी एकदा नुसत्या पाण्याचा फेरा. फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको. त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि पॅड शोषेनासा होतो. खोबरेल तेल आणि झिंकचं मलम यांचंही तेच होतं, म्हणून मलम लावलं की मधे पातळ सुती फडकं टाकतो. कव्हरला पीळ घालायचा नाही, इस्त्री तर नाहीच. डाग राहिलाच तर ओला पॅड दुपारच्या उन्हात टाकावा, संध्याकाळपर्यंत बराच फिकटतो.

जुलै लागला आणि ऊनच नाहीसं झालं. कव्हर पंख्याखाली तासा-दोन तासांत वाळायची, पण जाड पॅड दुसऱ्या दिवशीही मधे दमट लागायचे आणि कुबट वास धरायचे. यावर उपाय आईकडून आला. तिने एक जुनी, धुवून धुवून मऊ झालेली सुती साडी काढली आणि हातभर लांबी-रुंदीचे चौकोन फाडून कडा दुमडून शिवल्या. चौकोनाची दोनदा घडी, मग पुन्हा तीन भागांत घडी, मधे जाड आणि कडांना पातळ अशी पट्टी करून कव्हरमधे ठेवायची. धुताना घडी उलगडली की ते एकपदरी कापड असतं, साबण आरपार जातो आणि गॅलरीतल्या दोरीवर पावसातही काही तासांत वाळतं. वर नवीन कव्हर आणि आत जुना लंगोट, हीच जोडी आमच्या घरात सगळ्यात जास्त टिकली. पावसाळ्यात मूल लहान असणार असेल तर पॅडवर जादा पैसे घालण्याआधी घरातल्या साड्या आणि धोतरं शोधा.

पुरळाचं म्हणाल तर कापड वापरलं की पुरळ येतच नाही, हे खरं नाही. ओल, शू आणि शी कातडीला लागून राहणं हे त्याचं मूळ, मग डायपर कुठलाही असो. आम्ही दोन-अडीच तासांनी बदलतो, शी झाली की लगेच. मुलीला पुढून मागे पुसतो, जांघेतल्या घड्या टिपून कोरड्या करतो आणि दिवसातून थोडा वेळ तिला तशीच मोकळी लोळू देतो. पावडर लावत नाही, ती उडून श्वासात जाते. पावसाळ्यात एकदा जांघेत लालभडक चट्टा आला आणि त्याच्या कडेने बारीक पुटकुळ्या. ती बुरशी निघाली आणि डॉक्टरांनी दिलेल्या मलमानेच गेली. असं दिसलं तर खोबरेल तेलावर दिवस काढू नका.

रात्री आम्ही वापरून फेकायचाच डायपर घालतो. तिला सलग झोप लागते, आम्हालाही. पाळणाघरातही तेच द्यावे लागतात, तिथल्या ताईंकडे इतकी मुलं असताना धुण्याची अपेक्षा धरणं बरोबर नाही. घनकचरा नियमांप्रमाणे हे डायपर सॅनिटरी कचऱ्यात येतात. शी संडासात टाकून, कागदात गुंडाळून, वेगळे द्यायचे असतात. घंटागाडीवरची माणसं हातांनी कचरा वेगळा करतात, म्हणून दिवसाला सहा-सातऐवजी दोन-तीनच डायपर द्यावे लागतात याचं मला मनापासून समाधान आहे.

खर्चाचं गणित दिवसाआड धुणं जमलं तरच जुळतं. आमचं १२ कव्हर, २० पॅड आणि साडीचे चौकोन यांत भागतं. पाणी एक दिवसाआड येत असेल किंवा वाळवायला नुसती एक खिडकी असेल तर तीन-चार कव्हर घेऊन फक्त दिवसा वापरा.

कुणाचे वापरलेले घेणार असाल तर मांडीचं इलॅस्टिक ताणून सोडा, लगेच आखडलं पाहिजे. मग कव्हर उलटं करून खिशात हात घाला आणि पीयूएलचा थर बोटांनी चाचपा. पापुद्रे सुटत असतील किंवा उजेडात धरल्यावर बारीक तडे दिसत असतील तर फुकट मिळाले तरी घेऊ नका, ते गळणारच.